अध्यक्षांची चड्डी

पाटीवालीची अक्षरं अशी ठसठशीत, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, कुणी हाक मारतंय. दवाखाना, वकिलाची कचेरी, खाटकाचं दुकान, सगळ्या पाट्या तिनंच रंगवलेल्या. जीभ मात्र मिरचीची. गिऱ्हाईक म्हणालं, "नाव जरा मोठं काढा," की ही म्हणायची, "नाव काढीन हो मोठं, माणसाचं काय करू?"

तिचा धाकटा भाऊ व्यंगचित्रं काढायचा. एकदा त्यानं मंत्र्याला नागडं काढलं. कपडे घाल, असं वरून सांगणं आलं. "आहे तसाच काढलाय," म्हणत तो हटून बसला, आणि मग तुरुंगात जाऊन बसला.

तेव्हा कुठं गल्लीतल्या शहाण्यांना स्वातंत्र्याचा उमाळा आला. वाचनालयात समिती बसली. भाऊ सुटावा म्हणून एक चित्रांचं पुस्तक काढायचं ठरलं, फक्त प्रौढांसाठी, वात्रट, कुणालाही न सोडणारं. टेबलावर मूठ आपटत अध्यक्ष पाटीवालीला म्हणाले, "कुणाची भीड ठेवू नका, बाई!"

बाईंनी ठेवली नाही. टर्पेंटाइनच्या वासात, खिडकीशी बसून तिनं मंत्री काढला, न्यायाधीश काढला, धर्मगुरू आणि फौजदार काढले. सगळे जन्मले तसे. समिती पोट धरधरून हसली.

शेवटचं पान उलटलं आणि हसू घशातच वाळलं. एक टकल्या, पाठमोरा, उघडा, स्टुलावर उभा राहून स्वातंत्र्यावर भाषण करतोय, आणि समोरच्या सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली.

"ही माझी बदनामी आहे!" अध्यक्ष लाल झाले.

"तुमची? अहो, पाठमोरा आहे तो. अंगावर सुतळीसुद्धा नाही. ओळखलंत कशावरून?"

चिटणीसाला एकदम खोकला आला.

"प्रश्न माझा नाही, अभिरुचीचा आहे," अध्यक्ष म्हणाले. "त्याला चड्डी घाला. नाहीतर पुस्तक छापायला जाणार नाही."

भराभर हात वर झाले. मंत्री नागडा चालेल, न्यायाधीश नागडा चालेल, स्टुलावरच्या टकल्याला तेवढी चड्डी हवी. असं हे शूरांचं स्वातंत्र्य, कमरेपर्यंत येऊन लाजणारं.

पाटीवाली घरी आली. कुंचला हातात वाळत राहिला. चड्डी न घालावी, तर भावाचं पुस्तक बुडतं. घालावी, तर एका नकारापायी जो आत बसलाय त्याला तोंड कसं दाखवायचं? तिनं मान वर केली. रस्त्यापलीकडे अध्यक्षांचा सज्जा. सज्ज्यातल्या दोरीवर, रोजच्यासारखी, त्यांची चड्डी वाऱ्यानं फुगली होती. हिरवी, वर लाल ठिपके, आणि बुडाला पिवळ्या कापडाचं चौकोनी ठिगळ. अख्खी गल्ली तिला झेंडा म्हणायची.

पाटीवालीनं कुंचला पुन्हा भिजवला. ठिपक्याला ठिपका, ठिगळाला ठिगळ.

"आता कसं सभ्य दिसतं!" पान बघून अध्यक्ष प्रसन्न झाले. आपण मागून कसे दिसतो हे मोठ्या माणसाला कुठं ठाऊक असतं?

प्रकाशनाला वाचनालय भरलं. शेवटचं पान उघडलं तशी कोपऱ्यात एक खसखस पिकली, मग दुसरी, आणि बघता बघता भिंती हलल्या. अध्यक्षांना वाटलं, आपलं कौतुक चाललंय. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. तेवढ्यात पहिल्या रांगेत त्यांच्या बायकोनं चष्मा चढवला.

"अहो, ही तर आपली! ठिगळ माझ्या हातचं आहे!"

दुसऱ्या दिवसापासून सज्ज्यातली दोरी रिकामी राहिली.

तुरुंगाच्या फाटकावर पुस्तक अडकलं. पहारेकऱ्यांनी ते आळीपाळीनं, डोळे पुसत वाचलं आणि मगच आत सोडलं. भेटीला पाटीवाली गेली तेव्हा जाळीपलीकडे भाऊ शेवटचं पान उघडून बसला होता. तिची नजर वर होईना.

"चड्डी घातलीस, ताई."

"घातली."

तो आणखी वाकून बघत राहिला. मग खांदे हलायला लागले.

"नाडी लोंबती दाखवायला हवी होतीस गं."

"ती तू बाहेर येऊन काढ," पाटीवाली म्हणाली, आणि तिनं मान वर केली.