पाव फेरा

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच नाही. आज सांगते आहे ती मन हलकं करायला नव्हे — माझं मन काही जड झालेलं नाही. मी जेवते, झोपते, रोज शाळेत जाऊन मुलांना विज्ञान शिकवते. सांगते आहे कारण लोक मला फार चांगली समजतात, आणि त्याचा मला कंटाळा आलाय. बस्स, एवढंच.

आधी दुर्बिणीचं सांगावं लागेल.

आमच्या शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात सबनीस काकांच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही लोक जमतो. काका सेंट्रल गव्हर्नमेंटच्या ऑफिसातून रिटायर झालेले. हौसेनं त्यांनी मोठी आरशाची दुर्बीण घेतली. छातीपर्यंत येणारी जाडजूड नळी, तळाशी मोठा आरसा, तोंडाशी एक छोटा तिरपा आरसा. हा छोटा आरसा जरासा जरी कलला ना, की ताऱ्याला शेपूट फुटतं आणि शनीची कडी विस्कटल्यासारखी दिसते. तो सरळ करायला त्याच्या मागे तीन स्क्रू असतात. मुगाच्या दाण्याएवढी डोकी, त्यात षटकोनी खाच. बारीक वाकडी चावी त्या खाचेत घालायची आणि केसभर फिरवायची. चावी हातून सुटून खाली मोठ्या आरशावर पडली तर दुर्बीण गेलीच समजा. म्हणून मी नळी आडवी करून घ्यायची, चावीला दोरा बांधायची आणि दोऱ्याचं दुसरं टोक मनगटाला.

हे काम त्या गच्चीवर फक्त मला जमायचं. दातांचे डॉक्टर होते, बँकेचे मॅनेजर होते, कॉलेजातले एक प्रोफेसर होते — सगळ्यांनी करून पाहिलं आणि सोडून दिलं. मी जिना चढत असताना वरून आवाज यायचा, "मॅडम आ गईं क्या?" मी येईपर्यंत आकाशाकडे कोणी बघायचं नाही. जिन्याकडे बघायचे.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आई याच गोरखपुरात लोकांच्या घरी पोळ्या लाटायची. गढा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आमच्या खानदानात तर पहिलीच. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये, तसं समजू नका. गरिबीनं मला काही करायला लावलं नाही, मी केलं. पण आपली वाट पाहिली जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? जन्मापासून ज्यांची वाट पाहिली गेली, त्यांना नाही कळायचं ते.

तर काका.

काका भले माणूस. खोटं कशाला बोलू? त्यांनी मला कधी "पोळीवालीची मुलगी" म्हणून पाहिलं नाही. त्यांच्या घरी मी सोफ्यावर बसले आहे, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवले आहे. वाईट माणसाशी वाईट वागले असते तर आज हे लिहायला बसलेच नसते.

एका शनिवारी ते म्हणाले, "वंदना बेटा, दुर्बीण माझी, अन् मलाच तिला हात लावता येत नाही. काहून असं? ते मुंगीएवढे स्क्रू मला दिसतसुद्धा नाहीत."

आणि त्यांनी नवे स्क्रू मागवले. बोटांनी फिरवायचे, चांगल्या मोठ्या डोक्याचे, कडेला खाचा पाडलेले — बाटलीचं झाकण जसं असतं तसे. चावी नको, दोरा नको, काही नको. ते बसवून कोणी दिले? मीच. तिन्ही स्क्रू एकदम काढायचे नसतात, नाहीतर आरसा निखळतो. एक काढला, त्या जागी नवा लावला, मग दुसरा, मग तिसरा. नीट बसवले. माझं काम नीटच असतं.

मग काकांनी बघायच्या जागी मधोमध बारीक भोक असलेलं झाकण बसवलं, त्याला डोळा लावला आणि दुसरा हात पुढे नेऊन स्क्रू फिरवायला सुरुवात केली. आत वर्तुळात वर्तुळ दिसतं, ते बरोबर मधोमध आणायचं असतं. थोडं इकडे, थोडं तिकडे — आणि आलं! काका लहान मुलासारखे ओरडले, "अगं ये, ये, बघ! जमून राहिलं मला! कोणाची मदत नाही, माझं मीच केलं!" खालून काकू ओरडल्या, "अहो, पडाल, नाचू नका गच्चीवर!"

डॉक्टरांनी करून पाहिलं, त्यांनाही जमलं. मॅनेजरलाही जमलं. डॉक्टर हसून म्हणाले, "चलो भई, अब तो मॅडम की छुट्टी!"

सगळे हसले. मीही हसले. तुम्हाला नोकरीवरून कधी हसत हसत काढलंय का कुणी?

पुढच्या शनिवारी काकांनी उजेड असतानाच आरसा जुळवून ठेवला आणि चहाला खाली गेले. बाकी कोणी आलं नव्हतं. मी दुर्बिणीशी गेले आणि एक स्क्रू पाव फेरा फिरवला. फक्त पाव. आता चावी लागत नव्हती ना — दोन बोटं पुरे होती.

अंधार पडला तेव्हा शनी विस्कटलेला. काकांनी पुन्हा पाहिलं, डोळे चोळले. "आत्ताच तर केलं होतं..." मी म्हटलं, "थांबा काका, मी बघते." मला ठाऊक होतं कोणता स्क्रू आणि किती फिरवायचा. बघता बघता शनी सुईसारखा लख्ख. "मॅडम के हाथ में जादू है," डॉक्टर म्हणाले.

हे मी एकदा केलं नाही. तो सगळा हिवाळा करत होते. मला पश्चात्ताप व्हायचा का? नाही. मला मजा यायची. जिन्यावरून पुन्हा तोच आवाज ऐकू यायला लागला होता — मॅडम आ गईं क्या? ती जागा मी कमावली होती. तीन स्क्रूंसाठी सोडून देऊ?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, एवढंच? दुर्बिणीचा एक स्क्रू? हेच सांगायला एवढा आव?

नाही. ते मी अजून सांगितलेलंच नाही.

एका शनिवारी काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, हे नवे स्क्रू ढिले पडतात असं वाटून राहिलं मला. जुनेच लावून टाकू का? तुझ्या त्या चावीवाले?"

बघा तुम्ही. वाट समोर उघडी होती. मी नुसतं "हो" म्हटलं असतं तर जुने स्क्रू आले असते, माझी चावी आली असती, माझी जागा आली असती. कोणाचं काही बिघडलं नसतं. मग मी काहून "हो" म्हटलं नाही?

कारण ते स्क्रू मी बसवले होते. ते ढिले पडतात असं चारचौघांत झालं असतं तर काम माझं खोटं ठरलं असतं. आणि माझं काम कोणी खोटं ठरवावं — हे मला नाही चालत. तेव्हाही नाही, आजही नाही.

मी म्हटलं, "स्क्रू पक्के आहेत, काका. हल्ली तुमचा हात हलतो का थोडा?"

हे आहे ते. हेच वाक्य. शांतपणे म्हटलं, काळजीच्या सुरात म्हटलं.

काकांनी दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले आणि बघत राहिले. त्यांचे हात अजिबात हलत नव्हते. मी बघत होते ना! मला दिसत होतं. मी म्हटलं, "वयानं होतं असं. मनावर नका घेऊ."

त्यांनी घेतलं.

त्यानंतर त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. "तूच कर, बेटा." मग स्कूटर सोडली. मला म्हणाले, "हाताचा भरोसा नाही, कोणाला ठोकलं तर?" मी म्हटलं, "बरं केलंत." मग दाढी करायला न्हावी घरी यायला लागला. काकूंनी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांना काही सापडलं नाही, तर काका म्हणाले, सुरुवातीला सापडत नसतंच. बँकेत सही करताना ते काकूंना शेजारी उभं करतात. ज्या माणसानं जन्मभर सरकारी कागदावर मोत्यासारखी अक्षरं काढली — तो माणूस. आणि सगळीकडे सांगतात काय? "वंदनाच्या लक्षात आलं सगळ्यात आधी. आमच्या घरच्यांना नाही दिसलं, तिला दिसलं."

सांगा, काय करायचं होतं मी? सांगून टाकायचं होतं. हो, मलाही कळतं ते. कॉलेज शिकलेली आहे मी, एवढी अक्कल आहे. सांगितलं नाही. भीती वाटली म्हणून नाही — नाही, भीतीही वाटली. पण त्याहून जास्त हे, की मला तिथून उतरायचं नव्हतं. अजून नाही. शनिवारची गच्ची आता मीच चालवते. शाळेतल्या मुलांना नेते, त्यांना गुरूचे चंद्र दाखवते, चांगलं दाखवते. ते काही खोटं नाही. आणि ते खरं आहे म्हणून बाकीचं धुऊन निघतं, असंही मी म्हणत नाही.

काका जिना चढत नाहीत आता. खाली पुढच्या खोलीत बसतात. परवा मी गेले तेव्हा काकू आत पोळ्या करत होत्या आणि चहा झालेला होता. काका उठले आणि स्वतः कप घेऊन यायला लागले.

आतून काकू ओरडल्या, "अहो, तुम्ही नका आणू, सांडेल! वंदना, घे गं त्यांच्या हातून!"

मी उठले नाही. बघत राहिले. कप काठोकाठ भरलेला होता. काका दारातून माझ्या खुर्चीपर्यंत आले, नजर कपावर, श्वास रोखून. बशीत एक थेंब सांडला नाही. त्यांनी कप माझ्यासमोर धरला आणि ओशाळं हसून म्हणाले, "आज नशीब चांगलं दिसून राहिलं."

मी म्हटलं, "हो, काका." आणि चहा घेतला.