शहापूरचा पोरगा आखातात होता तेव्हा

भारताच्या पश्चिम आशियाविषयीच्या धोरणावर पीएच.डी. करून मी दिल्लीहून सानगडीला परतले, तेव्हा बाबा नुकतेच धानाच्या बांधीतून आले होते. पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "मंग आता तू विदेशात जाशीन का?"

"नाही बाबा, भंडाऱ्याच्या कॉलेजात लागली मी."

बाबांना इतका आनंद झाला, की ते तसेच ओल्या पायांनी शेजाऱ्यांकडे सांगायला गेले.

माझ्या मार्गदर्शकांना मात्र हे पटलं नव्हतं. तिकडे तुझा विषय घेणार कोण, असं ते म्हणाले होते, आणि त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. परराष्ट्र धोरणाचा पेपर ऐच्छिक. मुलं तो घ्यायची, कारण तास सुटला की गावाकडची बस मिळायची. धान रोवण्याच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असायचा. माझ्यासोबत शिकलेले लोक टीव्हीवरच्या चर्चांत दिसत आणि मी समोर बसून पेपर तपासत असे. क्वचित वाईट वाटायचं. पण नकाशासमोर उभी राहून शिकवायला लागले की मी रमून जायचे.

अशीच बरीच वर्षं गेली. मग आखातात युद्ध पेटलं. बातम्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर दारात घुटमळताना दिसली. शेवटच्या बाकावर बसणारी, कधी तोंड न उघडणारी. सोबत तिची आई होती. दोघी शहापूरहून आल्या होत्या.

"मॅडम, हिचा भाऊ तिकडेच हाय," आई म्हणाली. "बंदरावर बिजलीचं काम करते. पोरगी सांगे, तुमाले त्या मुलखाचं सारं माहीत हाय. माहं पोरगं घरी येईन का?"

त्या देशाचे करार, त्याचं तेल, तिथल्या राजघराण्याचा इतिहास मला पाठ होता.

"मावशी, मले माहीत नाही," मी म्हटलं. "पण आपण विचारू शकतो. बसा तुमी."

स्टाफरूममधूनच आम्ही त्याला फोन लावला. आईचा आवाज ऐकताच तो हसून बोलायला लागला. इथं सगळं ठीक आहे, काही होऊन नाही राहिलं, तू जेवली का? त्याचं हे बोलणं मला खरं वाटेना. मी फोन घेतला, बाहेर व्हरांड्यात गेले आणि मी कोण ते सांगून सरळ विचारलं, "पासपोर्ट कोणाजवळ आहे तुझा?"

तो हळूच म्हणाला, "ठेकेदाराजवळ आहे मॅडम. मायले नका सांगू. मांगतला तं कामावरून काढून टाकीन म्हणते तो."

पासपोर्ट असा अडकवून ठेवता येत नाही, हे मी त्याला समजावलं. आपल्या दूतावासात नाव नोंदवायचं, ही गोष्ट त्यांच्या कानावर घालायची. तो घाबरला होता. मी पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. शेवटी तो म्हणाला, "तुमी म्हणता तं करतो." फोन ठेवून आत आले तर आईनं विचारलं, "काय म्हणे?" मी सांगितलं, "घरी यायची तयारी करून राहिला." ते अजून खरं नव्हतं, पण खोटंही म्हणता आलं नसतं.

पुढचे दिवस फोनाफोनीत गेले. दूतावासातल्या एका शांत आवाजाच्या बाईंशी मी दोनदा बोलले, बाकीचं त्या मुलीनंच केलं. जी वर्गात हजेरीलाही कुजबुजत असे, ती आता भावाला दरडावून विचारायची, "गेलता का तू तिथी? काहून नाही गेला?"

वर्गही भरू लागला. बस सुटली तरी मुलं बसून राहायची. एक दिवस एकानं तावातावानं विचारलं, "मॅडम, इतकं होऊन राहिलं तरी आपला देश कोनाची बाजू काहून नाही घेत? घाबरते का?"

मी उत्तर द्यायच्या आतच ती मुलगी उभी राहिली. "माहा भाऊ तिथी आहे," ती म्हणाली. "त्याच्यासारखे लाखो आहेत. एका देशाची बाजू घेतली, अन् दुसऱ्यानं त्याहिले येऊ नाही देल्लं तं?"

यावर मुलांचं जे भांडण जुंपलं ते मी मुद्दाम थांबवलं नाही. गप्प राहिलं म्हणजे माणसं वाचतात का, असं एका मुलानं विचारलं, आणि तोही प्रश्न खराच होता. इतकी वर्षं मी ज्या तासाची वाट पाहत होते तो हाच, असं त्या दिवशी वाटलं.

दूतावासानं ठेकेदाराला दटावलं, आणि पासपोर्ट हातात आल्यावर तिचा भाऊ इतर कामगारांबरोबर बसनं शेजारच्या देशात पोचला आणि तिथून विमानानं नागपूरपर्यंत आला. मावशींनी मला जेवायला बोलावलं. वडाभात, कढी आणि ताटाबाहेर जाईल एवढा आग्रह. मुलगा बारीक झाला होता. जेवता जेवता म्हणाला, "सारं थंडं झालं का मी परत जाईन."

मावशींनी भाताचा चमचा खाली ठेवला. "मॅडम, तुमीच सांगा याले!"

"मावशी, ते मी कशी सांगू? त्याचं त्यानं ठरवावं. फक्त पासपोर्ट स्वतःजवळ ठेवजो रे."

मावशी रुसल्या, पण ताक वाढायला विसरल्या नाहीत. तो धान कापून होईपर्यंत थांबला आणि मग दुसऱ्या एका देशात कामाला गेला. तिथून मला नव्या वर्षाचे फोटो पाठवतो.

त्याची बहीण दिल्लीला गेली. एम.ए. झालं, आता ती परदेशी राबणाऱ्या मजुरांवर संशोधन करते आहे. मागच्या रविवारी तिचा फोन आला. ग्रंथालयातून माझा जुना प्रबंध काढून तिनं अख्खा वाचला होता.

"मॅडम, राग नका येऊ देऊ," ती म्हणाली. "तुमी तेलावर इतकं लिवलं, पण काम करणाऱ्या माणसांवर दोनच पानं? मले नाही पटलं ते."

मी म्हटलं, "मग तू लिही." नंतर कितीतरी वेळ आम्ही दोघी वाद घालत बसलो. गॅसवरचा चहा आटून गेला, तरी मला तिचं बोलणं थांबवावंसं वाटलं नाही.