ताईंनी न टाकलेली दृष्ट

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या ताईंइतकं बघणारी बाई अख्ख्या टिटवाळ्यात नाही, टिटवाळा सोडा, इथपासून ठाण्यापर्यंत शोधलीत तरी मिळणार नाही. बघणारी म्हणजे आपण बघतो तसं नाही, आपण बघतो आणि आपल्या कामाला लागतो. ताई एकदा बघायला लागल्या की त्यांची पापणी हलत नाही, मान हलत नाही, बाजूने कुणी हाक मारली तर ऐकू जात नाही. आम्ही या बिल्डिंगमध्ये नवीन आलेलो, मी पोटुशी होते, बेल वाजली म्हणून दार उघडलं तर समोर या उभ्या, पिकलेले केस बारीक कापलेले, अंगात पुरुषाचा शर्ट, आणि माझ्या तोंडाकडे न बघता खाली फरशीकडे बघतायत. मी पण खाली बघितलं. तांदळाचं पीठ सांडलेलं आणि त्यात माझ्या पायाचा ठसा उठलेला. मला वाटलं आता बोलतील काय घाण ठेवलीय. तर बोलल्या, "हे पुसू नकोस हं, मी कागद घेऊन येते," आणि गेल्या. मी अर्धा तास दार उघडं टाकून उभी, पाऊल उचलायची पण भीती वाटायला लागली.

त्या आर्टिस्ट आहेत हे मला नंतर कळलं. पण मी त्यांना चित्र काढताना बघितलंच नाही, म्हणजे झाड, डोंगर, गणपती असलं काही. त्या वस्तू जमवतात, आणि त्याही अशा की आपण कचऱ्याच्या डब्यात टाकताना पण नाक मुरडू. जळलेली गाळणी, वॉचमनच्या फाटक्या खुर्चीची नायलॉनची पट्टी, कुणाच्या बाथरूममधला शाम्पूचा पाऊच. बेडरूममध्ये वस्तू झोपतात आणि ताई हॉलमध्ये जमिनीवर. एकदा माझं वरण उतू जाऊन गॅसवर वाळलेलं, तर माझ्या सासूला जाऊन सांगतात, दोन दिवस राहू द्या, काय सुंदर पिवळा आलाय. सासू माझी खेडची, शेगडी धुतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. त्यांनी तोंडाने हो बोलून दार लावलं आणि तारेची घासणी घेतली. भाजीवाल्याच्या गोणपाटाकडे ताई इतका वेळ बघत बसल्या की तो बिचारा घाबरून बोलला, मॅडम, माझ्याकडे पावती आहे. त्याला वाटलं नगरपालिकेच्या आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर एकदा त्यांना लिफ्टमधून हाताला धरून बाहेर काढलं, कारण लिफ्टमध्ये पानाची पिचकारी होती, ताई ती बघत वरखाली करत होत्या आणि पाचव्या मजल्याचे आजोबा खाली ताटकळलेले. पण माणूस सोन्यासारखं. मला दिवस भरलेले असताना रिक्षा त्यांनीच आणली, हॉस्पिटलात त्याच बसल्या. फक्त लेबर रूमच्या दारातून मला बोलल्या, किती वेगळा आवाज काढतेस गं तू. मी कळा देत होते आणि मला हसायला आलं.

शिवू झाला आणि ताईंना वेडच लागलं. रोज यायच्या, त्याला मांडीवर घेऊन त्याच्या तळपायाकडे बघत बसायच्या, पोथी वाचतात तसं. सासू डोळ्यांनी खुणा करायची, तीट लाव, तीट लाव. मी तीट लावायचे तर ताई त्या तिटेकडे बघत बसायच्या. एका दुपारी तासभर बघत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी शिवूला ताप भरला. सासू नेमकी गावाला गेलेली, मिस्टर शीळफाट्याच्या गोडाऊनला ड्युटीवर, मी एकटी. डॉक्टरकडे नेऊन आणलं, औषध दिलं, तरी पोर निखाऱ्यासारखं. सासूला फोन लावला तर त्या एकच बोलल्या, "त्या समोरचीची लागलीय. आधी दृष्ट काढ." आमच्यात मीठमोहरी जाळत नाहीत. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या पोरावरून उतरवायच्या, त्याच्याच कपड्यात पुरचुंडी बांधायची आणि जिथे तीन रस्ते मिळतात त्या तिकाटण्यावर टाकून यायची. जाता-येता कुणाशी बोलायचं नाही, टाकल्यावर मागे बघायचं नाही, आणि पाय धुतल्याशिवाय घरात शिरायचं नाही. मी त्याच्या पिवळ्या लंगोटाच्या तुकड्यात सगळं बांधलं. पण पोर छातीला चिकटलेलं, सोडायला तयार नाही. दिवेलागणीची वेळ. मी दार उघडून उभी राहिले, कोण दिसतंय का, तर कोण दिसणार, ताईच दिसल्या.

आता तुम्ही मला नावं ठेवा, पण तापलेलं पोर कडेवर असताना काय सुचतं. ज्यांची लागली असं सासू बोलली त्यांच्याच हातात मी ती पुरचुंडी दिली. सगळं समजावलं. ताईंनी पुरचुंडी मुठीत धरली आणि चपला न घालता खाली गेल्या. सकाळी शिवूचा ताप उतरलेला. औषधाने उतरला असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी तर ताईंना मनातून नमस्कार केला.

मग काही महिने गेले, आणि ताई बोलल्या, ठाण्याच्या म्युझियममध्ये त्यांच्या वस्तू लावल्यात, आणि तिथे आर्टिस्ट लोक आपापल्या कामाबद्दल बोलणार आहेत, तू चल, शिवूला पण घे. मी आठवी पास, मी तिथे काय करणार. पण त्यांनी गाडी केलेली, आणि मला लग्नानंतर सासूशिवाय कुठे जायला मिळालं नव्हतं. नवी साडी नेसले. म्युझियम म्हणजे मला वाटलं राजाची तलवार वगैरे असेल. आत गेले तर पांढऱ्या भिंती, गार हवा, आणि एका खोलीत एक ओली प्लास्टिकची खुर्ची, तिच्या बाजूला चार माणसं हळू आवाजात बोलतायत. मी बसायला गेले तर गार्डने मला अडवलं. दुसऱ्या खोलीत टीव्हीवर एक मुलगी झोपलेली, बाकी काही नाही, झोपलेली, आणि लोक उभं राहून बघतायत. मी शिवूला घट्ट धरलं. आपण चुकून कुठल्या दवाखान्यात तर नाही आलो असं वाटायला लागलं.

आणि मग ताईंची खोली आली. मधोमध काचेची पेटी, वरून दिव्याचा झोत, आणि आत पिवळी पुरचुंडी. माझ्या हातची गाठ मला कळणार नाही का. खाली पाटी होती, मराठीत होती म्हणून मी वाचली. "अनामिक आई, कल्याण तालुका. साहित्य: मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, लंगोट, भीती." मी पहिल्यांदा रेसिपीसारखं वाचत गेले आणि शेवटच्या शब्दाला अडले. म्हणजे टाकलीच नाही. इतके महिने माझ्या पोराची दृष्ट समोरच्या घरात, आमच्या दारापासून चार पावलांवर, आणि आता इथे, येणारा जाणारा वाकून वाकून तिच्याकडे बघतोय. एक बाई बोलली, हाऊ मूव्हिंग. मी बघितलं, काही हलत नव्हतं.

तेवढ्यात सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. स्टेजवर तीन खुर्च्या, ताई, ओल्या खुर्चीवाला दाढीवाला आणि ती झोपणारी मुलगी, आता जागी होती. एक मॅडम माईक घेऊन प्रश्न विचारत होत्या. दाढीवाला रिकाम्या जागेबद्दल बोलायला लागला आणि थांबेचना, अर्धं इंग्लिश अर्धं मराठी, रिकामी जागा भरून टाकली त्याने. मला काही ऐकू येत नव्हतं. शिवूच्या कपाळाला हात लावून बघत होते, मला ते गरम लागत होतं, मग माझ्या कपाळाला लावला तर ते पण गरम. शेवटी मॅडमनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का, आणि मी उभी राहिले. मी स्वतः नाही, माझे पाय उभे राहिले. हातात माईक आला. मॅडम बोलल्या, आधी आपली ओळख सांगा.

"ती अनामिक आई मी आहे," मी बोलले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं प्रोग्राममध्येच आहे. दाढीवाल्याने उभं राहून फोटो काढला. शिवू टाळ्यांनी दचकून रडायला लागला, आणि त्याच्याबरोबर मी पण. मी माईकमध्येच विचारलं, ताई, तुम्ही टाकली का नाही. ताईंनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं, पापणी न हलवता.

"टाकायला गेले होते गं," त्या बोलल्या. "तिकाटण्यावर उभी राहिले. मुठीत इतकी गरम लागत होती. एवढी भीती मला आयुष्यात कुणी हातात दिली नव्हती. रस्त्यावर टाकवेना."

मी समजून घ्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात फक्त पोर होतं, आणि जे कधी बोलायचं नाही असं ठरवलेलं तेच तोंडातून बाहेर आलं, ते पण माईकमधून. "सासूबाई बोलल्या तुमचीच लागली त्याला. तासभर बघत होतात तुम्ही."

ताईंनी एकदम मान खाली घातली. मी त्यांना कधी मान खाली घालताना बघितलं नव्हतं. मग त्यांनी माईक खुर्चीवर ठेवला, स्टेजवरून उतरल्या आणि सरळ त्या खोलीत गेल्या. आम्ही सगळे मागे. गार्ड आडवा आला, मॅडम, काचेला हात लावू नका, वस्तू म्युझियमची आहे. ताई बोलल्या, "माझी पण नव्हती," आणि त्याच्या हाताखालून वाकून पेटीचं झाकण उचललं. माईकवाल्या मॅडम बोलायला लागल्या की रीतसर मेल करावा लागेल, तोपर्यंत ताई गेटपर्यंत पोचलेल्या.

गेटच्या बाहेर डावीकडे रस्ता फुटतो, ते तिकाटणंच. मला वाटलं मी आणि ताई जाऊ, मागे बघते तर सगळे आर्टिस्ट लोक आलेले, मॅडम पण, झोपणारी मुलगी पण, गार्ड तर पुढेच होता, त्याला म्हणे बाहेर वस्तू गेली तर तिच्याबरोबर जावं लागतं. मग मला सगळ्यांना नियम सांगायला लागले. बोलायचं नाही. टाकल्यावर मागे बघायचं नाही. शिकलेली माणसं, चष्मेवाली, पण शाळेतल्यासारखी मान हलवत होती. आणि खरंच, मघापासून बोलत असलेला तो दाढीवाला तोंड मिटून चालला. समोरून एक रिक्षा आली, रिक्षावाल्याने एवढी माणसं गप्प येताना बघितली, पिवळी पुरचुंडी बघितली, आणि पॅसेंजरला न विचारता रिक्षा आल्या रस्त्याने परत फिरवली.

ताईंनी पुरचुंडी ठेवली. टाकली नाही, वाकून ठेवली. आणि वळल्या. मी त्यांच्याच बाजूला होते, पोर कडेवर, माझं सगळं लक्ष त्यांच्या मानेकडे. जी बाई पिचकारीसाठी लिफ्ट अडवते, सांडलेल्या पिठासाठी कागद आणायला धावते, तिची अख्ख्या म्युझियममधली सगळ्यात चांगली वस्तू मागे रस्त्यात पडलीय, आणि ती सरळ चाललीय. गळ्याची शीर ताठ झालेली. मागे कुठल्या तरी गाडीने करकचून ब्रेक मारला तरी वळल्या नाहीत. म्युझियमच्या बागेतल्या माळीबाबांच्या पाइपखाली सगळ्यांनी रांगेत पाय धुतले, त्या मुलीच्या बुटांच्या नाड्या सुटेनात म्हणून रांग अडकली. आत जाऊन बसलो तर कुणीच बोलेना. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मग मीच बोलले, आता बोललं तर चालतं. मग सगळे एकदम बोलायला लागले, आणि म्हणे त्या रिकाम्या पेटीसमोर पुढे कितीतरी दिवस जास्तच गर्दी होती. ताईंना कुणीतरी विचारलं, आता कसं वाटतंय. त्या बोलल्या, पाय गार लागतायत.

सासूला मी सगळं सांगितलं नाही, फक्त एवढंच सांगितलं की दृष्ट नीट टाकली गेलीय. तेवढं खोटं पण नाही.

पण त्यानंतर ताईंनी शिवूकडे बघायचं सोडलं. यायच्या, नाही असं नाही, त्याच्यासाठी केळं आणायच्या, पण बसायच्या त्या भिंतीकडे तोंड करून, आणि माझ्याशी पंख्याकडे बघून बोलायच्या. शिवू रांगत रांगत पुढे जायचा, शर्टाचं बटण ओढायचा, तर त्या डोळे मिटून त्याला बोट धरायला द्यायच्या. तो बोट सोडून त्यांची हनुवटी धरून वळवायला बघायचा. मला बघवायचं नाही. रोज ठरवायचे, बोलू, आणि तोंडाशी आलं की घाबरायचे. मी अजून घाबरते, खोटं कशाला सांगू, पोराला शिंक आली तरी मी मिठाच्या बरणीकडे बघते.

परवा त्या आल्या, भिंतीकडे बसल्या. शिवू हसत होता, तोंडात खालच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं टोक. मी बोलले, "ताई, दात आलाय त्याला. बघा की."

त्या पंख्याकडे बघत राहिल्या. मग हळूच बोलल्या, "सासूबाई?"

"भाजीला गेल्यात. वेळ लागेल."

ताई वळल्या. शिवूला मांडीवर घेतलं, अंगठ्याने त्याचा ओठ जरासा खाली केला आणि बघायला लागल्या. मी गॅस बारीक केला आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिले, जिन्यावर चपलांचा आवाज येतोय का ऐकत.