आप्पांच्या भिंतीवरचा जोड

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा हे धाडस पोटात घाला.

परवा प्रयोगशाळेत सरांनी कमी व्होल्टेजचं कारण शोधायला लावलं. भार चालू ठेवून मोजत गेलो, तर एका ढिल्या जोडापाशी व्होल्टेज घसरलं. तिथली टेप जळत होती. त्या वासासरशी मला पांडेसऱ्यातली, यंत्रमागांच्या वस्तीतली आमची खोली आठवली.

माझं दहावीचं वर्ष होतं. संध्याकाळी पंखा रेंगाळायचा, दिवा लालसर व्हायचा. मीच वडिलांना म्हणालो, "शेजारच्या आप्पांच्या भिंतीपाशी जळका वास येतो. ते चोरून हीटर लावतात."

वडील मागावरचा लाकडी धोटा घेऊन धावले. "मन्हा पोऱ्या अंधारामा अभ्यास करस, आन तू हीटर लावस?"

"देवनी आन, भाऊ! मन्हा घरमा हीटर नही!" आप्पा शपथेवर सांगत होते.

धोट्याचं लोखंडी टोक आप्पांच्या कानावर बसलं. आप्पा कोसळले, तरी वडील मारतच राहिले. कानातून निघालेलं रक्त गळ्यावर ओघळलं. मी वडिलांना थांबवलं नाही. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटत होतं.

हीटर सापडला नाही. सगळ्या खोल्यांचा मीटर त्याच भिंतीवर होता, आणि तारांचा जोडही तिथेच; वास त्याचाच असणार, हे मला परवा कळलं. आप्पा महिन्याभरात धुळ्याकडे निघून गेले.

माफी मागायला काल आप्पांना फोन लावला. त्यांच्या मुलीने उचलला. "बाबांना एका कानाने ऐकू येत नाही," ती म्हणाली. "कारखान्यात पडले होते ना. पण तुमचं नाव काढतात हं, शेजारी चांगले होते म्हणून."