मी शकूचं नाव घेतलं

माझ्या नवऱ्याला वाटायचं, हिचं सगळं आपल्याला माहीत आहे. मुलींनाही तसंच वाटतं. हे मात्र माझ्या तोंडून आजवर कोणीही ऐकलेलं नाही. तुम्हीच पहिले. आणि बघा, सांगायला बसले तर सुरुवातच सापडत नाही.

शकूपासून सांगते. शकू माझी धाकटी बहीण, तीन वर्षांनी लहान. पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. अंधेरीत वर्सोव्याच्या रस्त्याला लागून आम्ही भाड्याने राहायचो ते दुमजली घर होतं, सहा भाडेकरूंचं. वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. शकूला बोलता यायचं, पण आपल्यासारखं नाही. तिला ‘जेवलीस का?’ विचारलं की ती म्हणायची, ‘जेवलीस का.’ वरण आणि भात वेगळे लागायचे. एकमेकांना लागले की ताट तसंच राहायचं. डोक्यावरून विमान गेलं की ती दोन्ही कान गच्च दाबून घ्यायची. तिला कोणाचा स्पर्श सोसत नसे, आणि ती स्वतः कोणाला हात लावत नसे — आईलासुद्धा नाही.

आज याला नाव आहे. स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम म्हणतात. माझ्या नातीच्या वर्गात असा एक मुलगा आहे आणि त्याच्या आईला भेटायला ठिकाणं आहेत, विचारायला माणसं आहेत. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बुद्धी कमी आहे. काकू म्हणाली, बाहेरची बाधा आहे. शेजारीपाजारी सरळ ‘खुळी’ म्हणायचे. आई काहीच म्हणायची नाही. ती शकूकडे बघत राहायची, आणि बघून बघून तिने शकू शिकून घेतली होती.

मीही शिकले होते. मला कळत नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात सामंत वहिनी राहायच्या. त्यांची बेबी दीड वर्षाची. त्या दुपारी वहिनींना न्हायचं होतं, म्हणून बेबीला माझ्याकडे ठेवून गेल्या. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. नलू, माझी मैत्रीण, कॉलेजचे फॉर्म आणायला माझ्याबरोबर येणार होती आणि खाली रस्त्यावर येऊन हाका मारत होती. वहिनी येईनात. शकू नेहमीसारखी जिन्यात चौथ्या पायरीवर चिंचोक्यांची रांग लावत बसली होती. आई आत निवडण घेऊन बसली होती.

माझं लक्ष नव्हतं आणि बेबी पडली — इतक्या वर्षांत मनातल्या मनात मी असंच म्हणत आले. पण ते खरं आहे का? नाही. बेबीने माझ्या साडीच्या निऱ्या धरल्या होत्या. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते, खाली वाकून नलूला ‘आले, आले’ सांगत. तिला रस्त्यावरून जिना दिसत नव्हता. ती निऱ्या ओढत होती, रडत होती. मी वैतागून झटका दिला. पाडायचं म्हणून नाही. पण झटका जोराचा होता, आणि तो मीच दिला.

ती दगडी जिन्यावरून गडगडत खाली गेली. शकूच्या अंगावरून गेली, चिंचोके उधळले. शकू किंचाळली. सगळ्यांनी ऐकलं ते शकूचं किंचाळणं, आणि धावत येऊन पाहिलं ते हे — खाली बेबी रक्ताने माखलेली, आणि वर पायरीवर कान दाबून डोलणारी शकू. वहिनी ओल्या केसांनी आल्या. बेबीला उचललं आणि वर बघून ओरडल्या, “कोणी ढकललं हिला?”

त्या माझ्याकडे बघत होत्या. आईही दारात आली होती.

मी म्हणाले, “शकूने.”

झालं. एकच शब्द. विचार केला होता का? तुम्ही विचाराल म्हणून सांगते — हो. क्षणभर केला होता. शकू नाही म्हणणार नाही, हे मला माहीत होतं.

वहिनींनी तिला खांद्याला धरून गदगदा हलवलं. “तू ढकललंस? बोल, तू ढकललंस?” आणि शकू, जशी ती नेहमी बोलायची तशी, हळूच म्हणाली, “तू ढकललंस.” जमलेल्या लोकांना वाटलं, वेडी उलटून बोलते आहे. मी तिथे तीन हातांवर उभी होते.

बेबीचा हात मोडला, भुवईवर टाके पडले. ती वाचली. पण घरमालकांनी वडिलांना बोलावून सांगितलं की आज पोर ढकललं, उद्या कोणाचा जीव घेईल. मुलीची सोय बघा, नाहीतर जागा सोडा. वडील आधीच थकलेले होते. काकांनी अशा मुलींना ठेवून घेणारी पुण्याकडची एक संस्था शोधून काढली. आईने आठ दिवस कोणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणत राहिली, “शकू कोणाला हात लावत नाही.” वडील म्हणायचे, तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस का? तिने पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते मी, असं सगळे धरून चालले होते.

शकूला तिथे पोचवायच्या आदल्या दिवशी आईने मला कागद घ्यायला लावला. तिथल्या माणसांसाठी तिला लिहून द्यायचं होतं. तिचं अक्षर लागत नसे, माझं चांगलं होतं. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. वरण-भात वेगळे वाढावे. केसांना हात लावण्याआधी सांगावे. कान दाबले की ओरडू नये, थांबावे, ती आपोआप शांत होते. हात धरून ओढू नये. पुढे चालावे, ती मागून येते. विचारलेले तिने परत म्हटले तर ती चिडवत नाही, तिला कळले आहे असे समजावे.

मग आई थांबली. म्हणाली, “अजून एक लिही. ती कधीही कोणाला ढकलत नाही.”

मी मान वर केली नाही. ती माझ्याकडे बघते आहे, हे मला कळत होतं. किती वेळ थांबली असेल? खालून कोळीण ‘बोंबील घ्या’ ओरडत गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत तरी. मला तोंड उघडायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी ते वाक्य लिहिलं. खाली रेघ मारली. कागदाची घडी करून तिच्या हातात दिली.

चार महिन्यांनी आम्ही भेटायला गेलो. शकूचे केस कापलेले होते. चाळीस जणींना सांभाळायला एक बाई. तिला कागदाचं विचारलं तर तिला काही आठवेना. शकू खाटेच्या कडेला हात मांड्यांत दाबून बसली होती. आई तिच्यापासून दोन हात लांब, जमिनीवर बसली. म्हणाली, “जेवलीस का?”

शकू काही बोलली नाही. आईने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. आईचे शब्द परत द्यायचे, तेही तिने सोडलं होतं.

दुसऱ्या वर्षी टायफॉइडने गेली. सोळा वर्षांची होती. तार आली तेव्हा मी कॉलेजात होते.

इथेच संपलं असतं तर मी म्हणाले असते, सतराव्या वर्षी घाबरले, चुकले. पण तसं नाही. बेबी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. सामंतांनी आग्रहाने बोलावलं म्हणून आई आणि मी पार्ल्याला गेलो. जेवणं झाल्यावर बेबी नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. भुवईवरचा व्रण त्याला दाखवत, हसत म्हणाली, “ही सुधाताई. हिच्या वेड्या बहिणीने मला जिन्यावरून ढकललं होतं. हो ना गं ताई?”

तिच्या मनात काही नव्हतं. शकूला जाऊन वीस वर्षं झाली होती. वडील गेले होते, ते घरही सुटलं होतं. मी संसारातली बाई होते, दोन मुलींची आई, एकोणचाळीस वर्षांची. खरं सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं?

मी हसले आणि म्हणाले, “हो.”

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने मांडीवरची पिशवी उचलली, सावकाश उठली, आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसली.