राक्षसाच्या पोथीचं पारायण

टॅक्सी दारात उभी होती आणि पडेगावच्या आमच्या ओसरीवर माझी बॅग उघडी पडली होती. काटा तीन किलो जास्त दाखवत होता. आई खाली बसली, बॅगेत हात घातला आणि माझ्या लहानपणची तीन जाडजूड पुस्तकं बाहेर काढून ठेवली. बोलणाऱ्या डोंगरांची, उडत्या होड्यांची, राक्षसांची. आमटीसाठी भाजून दळलेल्या येसराचे डबे मात्र जागचे हलले नाहीत. "पुस्तकं तिकडं बी मिळतील. येसर मिळणार नाय," एवढंच म्हणाली.

ती पुस्तकं बाबांनी छावणीच्या बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आणलेली, दर वार्षिक परीक्षेनंतर एक. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी इतकी चिडले की आईकडं धड न बघताच टॅक्सीत बसले. एकोणतीस वर्षांची घोडी, पण फुरंगटणं सहा वर्षांच्या पोरीचं.

तुमच्यापैकी जे नोकरीसाठी परदेशी गेलात त्यांना पुढचं सांगायला नको. युट्रेख्टमध्ये सगळं वेळेवर होतं. ट्राम वेळेवर, कचऱ्याची गाडी वेळेवर, डेंटिस्टसुद्धा वेळेवर. मी सायकल शिकले, चीजचे प्रकार शिकले, शेजाऱ्याला 'आज ऊन पडलंय' असं डचमध्ये सांगायला शिकले. आईशी बोलायचं मात्र विसरत चालले होते. सकाळी साडेसातला, ऑफिसला निघण्यापूर्वी फोन करायचा. तिच्याकडं अकरा वाजलेले. "जेवलीस का?" "जेवीन आता. तू?" "मी पण." मग दोघी गप्प. त्या गप्प बसण्यातून मला रिकामं घर ऐकू यायचं. एकट्या बाईला सोडून आलीस, असं मनात कुणीतरी रोज म्हणायचं. दुसऱ्या वर्षी मी राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला. पाठवायची तेवढी हिंमत होत नव्हती.

त्याच सुमारास मी इंटरनेटवरच्या एका मराठी वाचन-चॅलेंजमध्ये नाव घातलं. बारा महिन्यांत लहानपणची बारा अद्भुत पुस्तकं पुन्हा वाचायची आणि वाचून झालं की गटात चार ओळी लिहायच्या. नागपूरपासून मेलबर्नपर्यंतची माणसं होती, सगळी चाळिशीच्या आसपासची आणि राक्षसांबद्दल अत्यंत गंभीर. माझी पुस्तकं अर्थातच पडेगावला. आईला म्हटलं, पानांचे फोटो काढून पाठव. ती म्हणाली, फोटो हलतात, मी वाचूनच पाठवते की. मग तिनं विचारलं, "नियम काय हायेत?" मी म्हटलं, महिन्याला एक पुस्तक, पानं गाळायची नाहीत, सुरू केलं की पूर्ण करायचं.

इथं माझी चूक झाली. असे नियम आईनं आयुष्यात एकाच गोष्टीचे ऐकले होते.

दोन दिवसांनी तिचा मेसेज आला: "ह्या पोथीला कांदा-लसूण चालतो का, तेवढं गटात इचार." मला वाटलं चेष्टा करतेय. आई चेष्टा करत नव्हती. मीही निमूटपणे गटात विचारलं, कारण आईला नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं. गटात दोन दिवस चर्चा चालली. शेवटी चॅलेंज चालवणाऱ्या सायलीनं जाहीर केलं की नियमांत तसं काही नाही, पण इच्छा असल्यास पाळावं. आईनं पाळलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी फोन केला, तो तिनं उचलला नाही. पुन्हा केला. पाच वेळा केला. डोळ्यांसमोर नको ते येऊ लागलं. न्हाणीघरातली ओली फरशी, आईचं ब्लडप्रेशर. मी भिंतीपलीकडच्या नजमाखालांना फोन लावला. त्या चप्पल न घालताच धावल्या असणार. तीन मिनिटांनी त्यांचा फोन आला, "बेटा, अम्मी पोथी पढ रै. उठतीच नै. हात से इशारा करी, बाद में आव बोलके."

मी स्वयंपाकघरात खालीच बसले आणि हसत हसत रडले. आई न्हाऊन-धुऊन पाटावर बसली होती. पुस्तक चौरंगावर, फोन बाजूला रेकॉर्डिंगला लावलेला. एका डोळ्याचा राक्षस होडी गिळायला निघाला होता आणि अध्याय संपल्याशिवाय मध्ये उठायचं नव्हतं. सात दिवसांचे सात भाग तिनं पेन्सिलीनं पाडून घेतले होते. उदबत्ती लावली होतीस का, हे मी अजून विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नजमाखाला भाजी निवडायला घेऊन तिच्यासमोर येऊन बसू लागल्या. रेकॉर्डिंगमध्ये आईचा आवाज यायचा, एका लयीत, पोथीचाच. मध्येच खालांचं, राजाला येडा ठरवणारं, "हौला है क्या ये राजा?" सातव्या दिवशी आईनं रीतसर उद्यापन केलं. गल्लीतली लेकरं जेवायला बोलावली, पुरण घातलं. फोटोत ओसरीभर पंगत होती. रिकामं घर म्हणून मी ज्याची काळजी करत होते, त्यात ताट ठेवायला जागा नव्हती.

त्या पुस्तकाच्या शेवटी होडीतली मुलगी ढगांवरचं राज्य सोडून घरी परत येते. लहानपणी मला तो शेवट फार आवडायचा. युट्रेख्टमध्ये तो ऐकताना वाटलं, मीही परत जावं. आईलाही तसंच वाटलं असेल, अशा भीतीनं मी फोनवर विचारलं, शेवट कसा वाटला?

"येडी हाय पोरगी," आई म्हणाली. "तिकडं एवढं चांगलं बस्तान बसलं होतं. परत कशाला आली?"

मग म्हणाली, "आईला भेटायला यावं की. पण आईसाठी समदं मोडून येऊ नाय. आईला तरी कसं बरं वाटंल?"

ती हे मुलीबद्दलच बोलत होती की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. फोन ठेवला आणि राजीनाम्याचा तो मसुदा डिलीट केला. दोन वर्षांत पहिल्यांदा छातीवरून काहीतरी उतरलं. ऑफिसला उशीर झाला, ट्राम चुकली, त्याचंही काही वाटलं नाही.

मागं राहिलेल्यांनो, तुम्ही आमची वाट बघत ताटकळत बसला आहात, असं आम्ही धरून चालतो. त्यात काळजी असते तसा थोडा गर्वही असतो. माझा उतरला. माझ्या डोळ्यांसमोर आता पडेगावच्या घराचं दार येतं तेव्हा त्यात कुणी उभं नसतं. आत माणसं असतात आणि ती कामात असतात. त्या घरी जायचं तिकीट काढताना हात जड होत नाही.

डिसेंबरचं काढलंय. आईला कळवलं, तर म्हणाली, "ये की. पण सकाळी अकराला नको येऊस. दार उघडायला कुणी उठणार नाय."