पत्र्याचा हट्ट आणि चाकणपलीकडचं मातीचं घर

सीएनजी चारशेचा, दोघांचे पोहे-चहा एकशे साठ. शिवाय एक अख्खा रविवार. आणि बायकोसमोर गप्प बसावं लागलं त्याची किंमत वेगळी. ती अजून फिटतेय.

झालं असं. चाकणच्या अलीकडे आमचा छोटा प्लॉट आहे. वाकडच्या नवव्या मजल्यावरून उतरून तिथे घर बांधायचं, एवढं ठरलेलं. कशाचं, यावर भांडण. माझा धंदा फॅब्रिकेशनचा. वेल्डरच्या हाताखाली सुरुवात केली, आज भोसरीत स्वतःची शेड आहे. त्यामुळे घर लोखंडी सांगाड्याचं आणि पत्र्याचं, हे माझ्या डोक्यात पक्कं. पत्रा वितळवून पुन्हा वापरता येतो. याहून पर्यावरणपूरक काय असणार?

"आणि उन्हाळ्यात?" बायकोने, सुनंदाने, विचारलं.

"माझ्या शेडमध्ये बारा माणसं राबतात. नुसत्या पंख्यांवर. उकडतंय म्हणून आजवर एकाचीही तक्रार नाही!"

सोमवारी घराचे पाइप कापायला घ्यायचे होते. ती म्हणाली, "आधी माझ्या मैत्रिणीचं मातीचं घर बघू. मग काय हवं ते कापा."

जायचं तर सकाळी सातच्या आत निघा. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, इथपर्यंत रस्ता सुखाचा. चाकणच्या चौकात मात्र नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले कंटेनर रविवारीसुद्धा आडवे. तिथून डावीकडे भामा-आसखेडचा रस्ता धरायचा. वाटेत टपरीवर पोहे खाताना शेजारच्या बाकावरचं कानावर पडलं.

"रविवारी पण ओव्हरटाइम, राव?"

"घराचा हप्ता रविवारी झोपतो का, भावा?"

सुनंदाची मैत्रीण सविताताई ताथवड्याच्या कॉलेजात शिकवतात. घर सासरच्या जागेवर आहे. पाया आणि पाण्याची टाकी खणताना निघालेला मुरूम चाळायचा, त्यात थोडं सिमेंट घालायचं आणि हाताने दाबायच्या मशीनमधून ब्लॉक काढायचे. भट्टी नाही, जाळ नाही; तीन आठवडे पाणी मारायचं, बस. स्लॅबमध्ये अधूनमधून जुनी कौलं घातलेली, तेवढं काँक्रीट वाचलं. मी प्रत्येक भिंतीवर टिचक्या मारत फिरलो. कुठे पोकळ वाजतंय का, ते ऐकत होतो. वाजलं नाही.

"स्वस्त पडलं?"

"अजिबात नाही. विटांच्या घराएवढंच. गवंड्यांना शिकवण्यात वेळ गेला तो वेगळा. आणि काळी माती चालत नाही. आधी जागेतली माती तपासून घ्या."

आतल्या खोलीत त्यांचे सासरे, तात्या, खाटेवर आडवे होते.

"आमी उभा जलम मातीच्या घरातनं निघायला धडपडलो," ते म्हणाले. "पलीकडं स्लॅबचं घर बांधलं. आन ह्या मास्तरीणबाईंनी पुन्ना मातीत आणलं!"

"मग दुपारी तिकडे का नाही झोपत, तात्या?"

"तिकडं गलका लई."

"तिकडे कुणी राहतच नाही," ताई म्हणाल्या.

तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी विचारलं, आत गारवा किती पडतो ते कधी मोजलंत का? ताई हसल्या. "थर्मामीटर कशाला? दुपारी तात्यांची खाट कुठे असते ते बघते."

आमटी-भात आणि ताज्या कैरीचं लोणचं झालं. बाहेर डांबर पातळ होईल असं ऊन. सुनंदा भिंतीला पाठ टेकून बसली ती तीन वाजेपर्यंत उठलीच नाही. एसी नव्हताच, पंखाही एकवर.

परतताना मोशी आल्यावर ती म्हणाली, "असल्या भिंती असतील तर मी येते. पत्रा असेल तर तुम्ही खुशाल राहा तिथे. मी वाकडहून डबा पाठवीन."

"विचार करून उद्या सांगतो," मी म्हणालो. माझ्या शेडचा दाखला अजून शाबूत होता.

पण घरी आल्यावर तात्यांची ती खाट डोक्यातून जाईना. सोमवारी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये डोकावलो. एरवी त्या वेळी मी केबिनमध्ये जेवत असतो. केबिनला कूलर आहे.

शेड रिकामी. बाराही जण डबे घेऊन बाहेर, माझ्याच टेम्पोच्या सावलीत बसले होते.